२१ ऑक्टोबर १९९८ : पूरक व पर्यायी वैद्यकाला स्वतंत्र संशोधन केंद्र

अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी या दिवशी स्वाक्षरी केलेल्या खर्चविषयक विधेयकातील एका तरतुदीमुळे राष्ट्रीय पूरक व पर्यायी वैद्यक केंद्र अस्तित्वात आले आणि प्रचलित औषधोपचारांच्या जोडीने घेतल्या जाणाऱ्या (पूरक) व त्यांच्याऐवजी घेतल्या जाणाऱ्या (पर्यायी) उपचारांच्या संशोधनाला थेट अनुदान देण्याचा अधिकार त्याला मिळाला. यापूर्वी, आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांच्या आग्रहावरून, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अवघ्या २० लाख डॉलरच्या तरतुदीवर एक छोटे कार्यालय सुरू झाले होते. मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागकणांच्या गोळ्यांनी आपली ॲलर्जी गेली, अशी हार्किन यांची धारणा होती. सरकारी निधीसाठी हा आधार तसा तकलादूच, पण त्या पैशातून झालेल्या चाचण्या मात्र काटेकोर होत्या. गुडघ्याच्या संधिवाताच्या १,५८३ रुग्णांपैकी काहींना ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन ही पूरके, तर काहींना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी (प्लासिबो) देऊन झालेल्या चाचणीत, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकूण रुग्णांमध्ये पूरकांचा लक्षणीय फायदा आढळला नाही. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ३,०६९ वृद्धांवर अजमावलेला गिंको वनस्पतीचा अर्कही २००८ मध्ये निष्प्रभ ठरला. केंद्र उपचारांना मान्यता देण्याऐवजी ते खोटे ठरवण्यातच गुंतले आहे, अशी नाराजी खुद्द हार्किन यांनी २००९ मध्ये व्यक्त केली, हे विशेष. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या नावातून ‘पर्यायी’ हा शब्द वगळून ‘एकात्मिक’ हा शब्द घालण्यात आला.