औरंगाबादकर : गावाबाहेर जन्मणारे आडनाव

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले. महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी ते एक. तिथे व्याख्यान ऐकायला गेलेल्या वाचकांनी तिथल्या सभागृहावरचे नाव वाचले असेल : औरंगाबादकर सभागृह. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नाशिकपासून जवळजवळ दोनशे किलोमीटरवर आहे. एका शहराचे नाव दुसऱ्या शहरातल्या सभागृहावर आडनाव होऊन बसले आहे. आडनावांची थोडीफार माहिती असणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. उलट हे आडनाव सापडायचे तर असेच कुठेतरी बाहेर सापडायला हवे.

हे नीट कळण्यासाठी आधी ‘-कर’ या प्रत्ययाकडे पाहू. मराठीत तो दोन वेगळी कामे करतो. वर्तमानपत्रे ‘पुणेकरांची गर्दी’ असे लिहितात तेव्हा पुण्यात राहणारा प्रत्येक जण पुणेकर असतो. पण एखाद्याचे आडनाव पुणेकर असेल तर अर्थ जवळजवळ उलटा होतो. हे कुटुंब पुण्याचे होते आणि तिथून ते दुसरीकडे गेले, असे ते आडनाव सांगते.

कल्पना करा, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे पैठण. तिथल्या गल्लीत कोणाला ‘पैठणकर’ म्हणून हाक मारली तर कोण वळून पाहील? सगळेच पैठणचे. तिथे माणूस ओळखला जाई तो हुद्द्यावरून, धंद्यावरून किंवा बापाच्या नावावरून : कुलकर्णी, जोशी, पाटील, नाहीतर अमुक बिन तमुक किंवा अमुक वल्द तमुक. आडनाव हे एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याचे साधन आहे, आणि जे सर्वांना सारखेच लागू पडते त्याचा ओळखण्यासाठी उपयोग नसतो. हाच माणूस पुण्याला किंवा नाशिकला जाऊन राहिला की तिथले लोक पहिला प्रश्न विचारत, “आपण कुठले?” या प्रश्नाचे उत्तर त्याला चिकटले आणि मुलांनाही लागू झाले की पैठणकर घराणे तयार. म्हणजे आडनावात गाव येते ते सोडलेले, आणि ते नाव देतात ते पोचलेल्या गावचे लोक. बीडकर, देगलूरकर, गंगाखेडकर, वैजापूरकर, लातूरकर ही मराठवाड्याच्या गावांवरून आलेली आडनावे याच रीतीने वाचायची असतात.

यातून एक अपेक्षा बांधता येते. गावावरून आलेल्या आडनावाची घरे नकाशावर टिंबांनी दाखवली तर टिंबे त्या गावाच्या भोवती, दूरदूर पडावीत आणि मध्यभागी, खुद्द त्या गावात, मोकळी जागा राहावी.

आयर्लंडमधली आडनावे या बाबतीत अगदी उलटी वागतात, म्हणून तुलनेसाठी ती फार उपयोगी आहेत. आयरिश आडनावे बहुतेक पूर्वजाच्या नावावरून पडली. सुरुवातीचे ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. दहाव्या-अकराव्या शतकापासून ती वंशपरंपरेने चालू लागली, युरोपातल्या बऱ्याच देशांच्या आधी. नाव पूर्वजाचे आणि पूर्वजाची जमीन जागच्या जागी, त्यामुळे एखाद्या दुर्मिळ आयरिश आडनावाची टिंबे मूळ परगण्यातच दाट पडतात आणि बाहेर विरळ होत जातात. ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात तिथे जमीन व घरे यांची मोजदाद झाली. तिच्या याद्यांवरून असे नकाशे आजही काढले जातात. रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० या एका वर्षातल्या जन्मनोंदी घेऊन कोणते आडनाव कोणत्या भागात किती वेळा आले याचा तक्ता केला आणि तो १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे नकाशाच्या मध्यावर ढीग, इथे मध्यावर पोकळी. दोन्हीकडे ‘आडनाव’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण एक नाव मुळाशी राहिलेल्यांचे आहे, दुसरे निघून गेलेल्यांचे.

आता औरंगाबादकर या नावाचे वैशिष्ट्य पाहू. बहुतेक ‘-कर’ आडनावांचे वय सांगता येत नाही, कारण गावे फार जुनी आणि एका नावाची अनेक. वडगाव किंवा पिंपळगाव किती आहेत ते मोजत बसावे लागेल. त्यामुळे दोन वडगावकर एकाच गावचे असतील असेही नाही. औरंगाबादचे तसे नाही. १६१० साली मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी शहर वसवले. १६२६ मध्ये त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावावरून ते फतेहनगर झाले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५३ मध्ये, त्याचे औरंगाबाद झाले. म्हणून औरंगाबादकर हे आडनाव १६५३ च्या आधीचे असूच शकत नाही. उत्तरेत बिहारमध्येही औरंगाबाद आहे, पण तिथे ‘-कर’ लावून आडनाव करण्याची रीत नाही. तेव्हा या नावाचे गाव नक्की आहे आणि वयाची कमाल मर्यादाही नक्की आहे. भूस्तरातल्या जीवाश्माचे वय ज्या थरात तो सापडतो त्यावरून ठरते; इथे शहराच्या नावाचा थर तेच काम करतो. अर्थात ही मर्यादा एकाच बाजूची आहे. १६५३ नंतर नेमके कधी, हे नाव स्वतः सांगत नाही. देवगिरीकर हे आडनाव पाहून ते देवगिरीचे दौलताबाद होण्यापूर्वीचे, म्हणजे १३२७ पूर्वीचे, असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण कागदोपत्री नाव बदलले तरी देवगिरी हे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

हे आडनाव दुर्मिळ का, याचेही उत्तर नकाशात मिळते. माणसे लहान गावाकडून मोठ्या गावाकडे जातात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद हे दख्खनमधले मोगलांचे मुख्य ठाणे होते. तिथे सैन्य होते, कचेऱ्या होत्या, पेठा होत्या. अशा शहरात बाहेरची माणसे येतात, म्हणून तिथे इतर गावांची ‘-कर’ आडनावे जमा होतात. त्या शहराचे स्वतःचे आडनाव फारसे तयार होत नाही. ते तयार व्हायला प्रवाह उलटा फिरावा लागतो. औरंगाबादच्या बाबतीत तो फिरण्याचे एक मोठे कारण आपल्याला ठाऊक आहे : १७६३ मध्ये निजाम अलीखानाने राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला की त्यावर पोट असणारे कारकून, सावकार, कारागीर यांनाही दुसरीकडे पाहावे लागते. औरंगाबादकर नावाची काही घराणी या ओसरत्या काळातली असावीत असा माझा तर्क आहे. तर्कच तो, पण ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना तो तपासता येण्याजोगा आहे.

याच शहरात गाव सांगण्याची आणखी एक रीत होती, ती फारसी-उर्दूतली. तिथे गावाच्या नावाला ‘-ई’ लावतात : औरंगाबादी. सुफी संत निजामुद्दीन औरंगाबादी हे मूळचे उत्तरेकडचे. दिल्लीच्या गुरूंनी त्यांना दक्षिणेत पाठवले, ते इथे राहिले आणि १७३० च्या सुमारास इथेच वारले. त्यांचे पुत्र मौलाना फखरुद्दीन यांचा जन्म औरंगाबादचा. ते पुढे दिल्लीला गेले, १७८५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले, आणि ते ओळखले जातात ते ‘देहलवी’ म्हणून. बाहेरून आलेला बाप औरंगाबादी आणि औरंगाबादेत जन्मलेला मुलगा दिल्लीचा! ‘-ई’ हे नाव जिथे कीर्ती झाली किंवा देह ठेवला त्या गावाचे असू शकते. ‘-कर’ बहुधा निघाल्या गावाचे असते. शिवाय ‘-ई’ त्या एका माणसाचे असते, मुलाकडे जातेच असे नाही. कवी वली तर सांगणाऱ्याप्रमाणे दखनी, औरंगाबादी आणि गुजराती अशा तीनही नावांनी ओळखला जातो. म्हणून ‘औरंगाबादी’ आणि ‘औरंगाबादकर’ ही एकाच शब्दाची दोन भाषांतरे समजू नयेत.

दुर्मिळ आडनावाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते : ते नुसत्या योगायोगाने नष्ट होऊ शकते. या प्रश्नाचा इतिहास शिक्षकांना आवडावा असा आहे. इंग्लंडमधली जुनी घराणी लोपताना पाहून फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये हे गणित ‘एज्युकेशनल टाइम्स’ या शिक्षकांच्या नियतकालिकात कोडे म्हणून घातले. उत्तर दिले हेन्री वॉटसन या गणिती धर्मगुरूंनी, आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. वॉटसन यांच्या उत्तरात एक चूक होती. लोकसंख्या वाढत असली तरी प्रत्येक आडनाव कधीतरी संपणारच, असे त्यांनी मानले. वाढत्या लोकसंख्येत काही नावे कायमची टिकू शकतात. पण त्यांची रीत बरोबर होती.

ती वर्गात नाण्यांनी करून पाहता येते. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते असे धरा. प्रत्येक पुरुषासाठी दोन नाणी उडवायची. जितके छापे तितके मुलगे. चारांपैकी एकदा एकही मुलगा नाही, दोनदा एक मुलगा, एकदा दोन. सरासरी बरोबर एक, म्हणजे लोकसंख्या स्थिर. शंभर वेगवेगळ्या आडनावांची शंभर घरे घेऊन सुरुवात केली, तर पहिल्याच पिढीत सरासरी २५ नावे संपतात. दुसऱ्या पिढीअखेर ३९, पाचव्या पिढीअखेर सुमारे ६० आणि दहाव्या पिढीअखेर सुमारे ७४ नावे गेलेली असतात. कोणाचाही काही दोष नसताना! पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर १७६३ पासून आजवर साधारण दहा पिढ्या होतात. त्या काळी शहर सोडून गेलेल्या चार घरांना औरंगाबादकर हे नाव मिळाले असेल, तर या हिशेबाने त्यांतले एखादेच आज उरलेले असेल. प्रत्यक्षात लोकसंख्या वाढत गेली, म्हणून हानी याहून कमी धरावी लागेल. शिवाय पूर्वी स्थलांतराबरोबर नवी ‘-कर’ आडनावे सतत जन्मत, जुनी बदलली जात. ही भर थांबली ती सरकारी दप्तरे आणि शाळांची रजिस्टरे आल्यावर. एकदा शाईने लिहिलेले नाव दाखल्यावर गेले, दाखल्यावरून नोकरीत गेले, आणि माणूस आणखी तीन गावे बदलला तरी तेच राहिले.

आडनाव कायम करणाऱ्या या रजिस्टराचे सर्वांत मोठे उदाहरण साताऱ्याचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा प्रवेश नोंदवला गेला. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळचे आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि त्याचे आंबेडकर. शाळेत आंबेडकर याच आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते आणि त्यांचा या नोंदीत हात होता, अशी हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रांत येते. म्हणजे एका वर्गखोलीत एकाच आडनावाचे दोघे होते, आणि समाजाने त्यांच्यात ठेवलेले अंतर केवढे होते! आडनाव सारखे म्हणजे रक्त एक, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. हुद्दा किंवा कूळ सांगणाऱ्या आडनावावरून पुष्कळदा जात ओळखली जाते. गाव सांगणारे आडनाव ब्राह्मण, मराठा, सोनार, दलित, कोकणातले बेने इस्रायली अशा कोणाचेही असू शकते. अनेक कुटुंबांनी ‘-कर’ जवळ केले त्यामागे हेही एक कारण होते. पुढे याच विद्यार्थ्याने स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय.

आज छत्रपती संभाजीनगरात एखादे औरंगाबादकर कुटुंब भेटले तर वरचा सगळा विचार खोटा ठरतो का? नाही. पूर्वज नाशिकला किंवा जवळच्याच एखाद्या खेड्यात जाऊन राहिले, तिथे हे नाव पडले, आणि पुढची पिढी नोकरीसाठी परत आली, असे सहज घडू शकते. चिकलठाणा आणि वाळूज इथल्या औद्योगिक वसाहतींनी गेल्या काही दशकांत कितीतरी गावांची माणसे इथे आणली आहेत. अशा कुटुंबाला विचारायचा प्रश्न ‘तुम्ही इथले का?’ हा नाही. ‘इथून आधी कुठे गेला होतात?’ हा आहे. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले. या कुटुंबांची आडनावे बदलली नाहीत. ‘संभाजीनगरकर’ हा शब्द वर्तमानपत्रांत रहिवाशांसाठी रूढ होत आहे, पण जन्मदाखला आणि आधार कार्ड यांच्या काळात तो कोणाचे आपोआप पडलेले आडनाव होईल असे दिसत नाही.

आपल्या वर्गाचा हजेरीपट घेऊन हे काम लहान प्रमाणात करता येईल. ‘-कर’ आडनावे वेगळी काढावीत, मुलांना घरी जाऊन ते गाव नेमके कोणते, कोणत्या तालुक्यातले, हे विचारून यायला सांगावे आणि जिल्ह्याच्या नकाशावर त्या गावापासून शाळेपर्यंत बाण काढावेत. ज्यांच्या आडनावात गाव नाही त्या मुलांनी आजी-आजोबांचे गाव लिहावे, म्हणजे कोणी बाजूला पडणार नाही. बाण कोणत्या दिशेने जास्त येतात आणि कोणत्या दिशेने एकही नाही, हे मुलांनाच पाहू द्यावे. जात मात्र विचारू नये, आणि कोणी आपण होऊन सांगू लागले तर ती नकाशावर लिहू नये.