‘निवाडा’ : एका न्यायविषयक शब्दाचे स्थित्यंतर

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव आज नवी मुंबईच्या उलवे विभागात मोडते. १९७० पासून नियोजित नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या; त्यांत गव्हाणही होते. भूसंपादन अधिकारी नुकसानभरपाईविषयी जो निर्णय देतो, त्यास मराठी शासनव्यवहारात ‘निवाडा’ म्हणतात. शब्द जुना व प्रतिष्ठित आहे. त्याखालचा अर्थ मात्र पालटला आहे.

मराठेशाहीत वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे आला, म्हणजे वादी व प्रतिवादी हे दोघेही होणारा निर्णय मान्य करण्याविषयी प्रथम ‘राजीनामा’ लिहून देत आणि जामीन देत. नंतर उभयतांच्या तकरिरी, जुने कागद व साक्षी तपासल्या जात. प्रसंगी दिव्यही होई. अखेरीस सभासदांच्या साक्षीने महजर लिहिला जाई. म्हणजे निवाडा हा उभय पक्षांचे ऐकून त्रयस्थांनी दिलेला व तंटा मिटविणारा निर्णय होता.

१८९४ च्या भूसंपादन अधिनियमातील निवाडा या जातीचा नव्हे. तो देणारा अधिकारी जमीन घेणाऱ्या शासनाचाच असतो. १९६१ साली हरिश्चंद्र राज सिंग प्रकरणी न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने स्पष्ट केले, की असा निवाडा कायद्याच्या दृष्टीने शासनातर्फे केलेला केवळ प्रस्ताव होय. तो अमान्य असल्यास कलम १८ अन्वये प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी ठरीव मुदतीत करता येई. परंतु हरकत न नोंदविता रक्कम स्वीकारणाऱ्यास कलम ३१ ने हा अधिकार नाकारला होता.

शब्दाचा प्रश्न येथे व्यवहाराचा प्रश्न होतो. ‘राजीनामा’ हा शब्द आज मूळ अर्थापासून इतका दूर गेला आहे, की त्याविषयी कोणाची फसगत होत नाही. ‘निवाडा’ तितका दूर गेलेला नाही, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. निवाडा झाला म्हणजे वाद संपला, अशा परंपरागत समजुतीने जो मुकाट्याने पैसे घेईल, तो न्यायालयाचे दार स्वतःच लावून घेईल. त्याला वेळीच सावध करणे हे वकिलाचे पहिले काम ठरते. या पट्ट्याचे नेते दि. बा. पाटील हे स्वतः वकील होते, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. तथापि केवळ कायद्याच्या वाटेने प्रश्न सुटला नाही. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यानंतरची आहे.

न्यायालयात गेल्यावरही भाषेची अडचण सरत नाही. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीच आहे. परिणामी मराठीत मांडलेले गाऱ्हाणे अपिलात गेले, म्हणजे ज्याचे ते आहे त्यालाच परके होते. त्याचा वकील तेथे प्रतिनिधी असतो, तसाच दुभाषीही असतो.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अंमलात आला. मोबदल्याची तत्त्वे बदलली. पण ‘निवाडा’ हा शब्द राहिला, आणि हरकतीवाचून रक्कम घेणाऱ्यावरील निर्बंधही राहिला. परिभाषा घडविताना परिचित शब्द निवडावा, हे तत्त्व सामान्यतः योग्यच आहे. परंतु शासनाच्या प्रस्तावाला त्रयस्थाच्या निर्णयाचे नाव मिळाले, की सुबोधताच दिशाभूल करू लागते. निवाड्याच्या नोटिशीवर ‘हा निर्णय अंतिम नाही, हरकत राखून रक्कम घेता येते’ एवढे एक सरळ मराठी वाक्य ठळकपणे असणे, हे कोणत्याही नव्या पारिभाषिक शब्दाहून अधिक न्यायाचे ठरेल.