सोलापूरचा पूर्व भाग : स्थलांतर आणि बदलती वस्ती

सोलापूर शहराच्या पूर्व भागाची जडणघडण प्रामुख्याने स्थलांतरातून झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे हातमाग उभारले. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ सुरू झाल्यानंतर शहरात गिरणी कामगारांची भर पडली. विणकराचे घर हाच त्याचा कारखाना होता. पुढे यंत्रमागाने हातमाग मागे सारला. घरोघरी स्त्रिया विड्या वळून संसार चालवू लागल्या. २००६ मध्ये कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत महिला विडी कामगारांसाठी १०,००० घरे उभी राहिली आणि वस्ती शहराबाहेर सरकली. पूर्वीचे घर मागाभोवती होते. नवे घर स्त्रीच्या श्रमावर उभे राहिले. म्हणून केवळ कापडाच्या आधारे लिहिलेला पूर्व भागाचा इतिहास अपुरा ठरतो.