'जैत रे जैत' : नाग्याचा प्रश्न खरा, पत्ता चुकला

नातेपुत्यात दरवर्षी ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला येते. त्या दिवसांत 'पुण्य' हा शब्द गावात ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. कोणाला पुण्य लागले, कोणाचे कमी पडले, याचे हिशेब चहाच्या टपरीवरही मांडले जातात. त्याच गावात आम्ही वस्तीतल्या पोरापोरींसोबत 'जैत रे जैत' पाहिला. सिनेमा संपल्यावर दोन मते पडली. काही म्हणाले, गाणी झकास, स्मिता पाटील भारी. काही म्हणाले, सवर्ण लेखकाची कादंबरी, आपला काय संबंध? आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी हा चित्रपट १९७७ साली केला. पटेल आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूरचे. पुढे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपटही त्यांनीच दिग्दर्शित केला. 'जैत रे जैत'ची गोष्ट दंतकथेसारखी आहे. कर्नाळ्याच्या रानातल्या ठाकरवाडीतला, भगताचा मुलगा नाग्या. पुण्यवंत माणसालाच राणीमाशी दिसते, असे त्याच्या मनावर ठसलेले. तो निष्ठेने पुण्यवंत व्हायला निघतो आणि माशी त्याचाच डोळा घेते. मी काही पाप केले नाही, मग मला शिक्षा का, असा सवाल तो थेट देवाला करतो. मग लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायचा विडा उचलतो. अखेर त्याची जैत होते, पण चिंधीचा जीव जातो.

मित्रांनो, नाग्याचा सवाल नीट ऐका. गुन्हा नसताना शिक्षा का? फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी धर्मव्यवस्थेला हाच सवाल केला. पाप-पुण्याच्या हिशेबाने माणसाला गप्प बसवले जाते, हे एका आदिवासी तरुणाच्या तोंडून पडद्यावर आले. म्हणून हा सिनेमा आम्ही परका मानत नाही.

पण नाग्याचा सूड जातो कुठे? मधमाश्यांवर. इथे इतिहास उघडावा लागतो.

कर्नाळा पनवेल तालुक्यात, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात. याच जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी खुले केले. त्याच १९२७ साली इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला. त्या कायद्यातली वनोपजाची व्याख्या वाचून पाहा. जंगलातले मध आणि मेण तिथे नावानिशी नोंदवलेले आहे. म्हणजे एकीकडे माणसे पाण्यावरचा हक्क मिळवत होती, दुसरीकडे नाग्याच्या बापजाद्यांचा मध सरकारी कायद्याच्या ताब्यात जात होता. डोंगराचा खरा धनी लिंगोबा नव्हता, जंगल खाते होते!

याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब पाठीशी उभे होते. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला. म्हणजे कुलाब्याच्या कष्टकऱ्याला आपला शत्रू नावानिशी ठाऊक होता. सिनेमातल्या ठाकरवाडीला मात्र खोत, सावकार आणि जंगलाचा शिपाई जणू ठाऊकच नाहीत. उरतो फक्त माणूस, देव आणि माशी.

अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. या कादंबरीवरही १९६३ साली चित्रपट आला. फकिरा भुकेल्या माणसांसाठी सरकारी खजिना लुटतो. त्याला शत्रूचा पत्ता माहीत आहे. नाग्या आणि फकिरा यांच्या धाडसात फरक नाही. फरक आहे तो गोष्ट कोणत्या जागेवर उभे राहून सांगितली, याचा.

कोणी म्हणेल, दंतकथेत कायदा कशाला शोधता? आम्ही दंतकथेला नावे ठेवत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी दुःख अशाच गोष्टींत जपून ठेवले. पण पडद्यावरची गोष्ट हाच आदिवासींचा इतिहास, असे जेव्हा शहरी प्रेक्षक धरून चालतो, तेव्हा आक्षेप घ्यावाच लागतो. दंतकथेतला आदिवासी सुंदर दिसतो, नाचतो, गातो आणि हक्क मागत नाही.

खरी जैत कुठे झाली? २००६ च्या वनहक्क कायद्यात. गौण वनोपजाच्या यादीत मध आणि मेण पुन्हा नावानिशी आले, या वेळी आदिवासींच्या मालकीचे म्हणून. १९२७ ते २००६, तब्बल ७९ वर्षे. ही जैत कोणत्या डोंगरदेवाने दिली नाही. ती संघटनेने, मोर्चांनी आणि संविधानाच्या बळावर मिळवली. तिची अंमलबजावणी ही आजचीही लढाई आहे.

म्हणून 'जैत रे जैत' जरूर पाहा. नाग्याचा प्रश्न उचला, पण त्याचा पत्ता दुरुस्त करा. आणि आपल्यातल्या लिहित्या पोरापोरींनो, ज्या गोष्टीत नाग्या पोळ्यावर नाही, कचेरीवर चालून जातो, ती गोष्ट आता तुम्ही लिहा.

जयभीम!