डबल क्लचची कारकीर्द

मोटार शिकणारा आजचा उमेदवार तिसरा गिअर टाकताना गाडीला हिसका बसला की ओशाळतो. परंतु हिसक्याच्या जोडीला दातांचा कर्कश खडखडाट सोसूनच ज्या पिढीने वाहन हाकण्याची विद्या संपादन केली, तिला ही तक्रार ऐकून हसूच आले असते.

एमिल लेव्हासॉर या फ्रेंच यंत्रज्ञाने 1891 च्या सुमारास पुढे इंजिन, त्यामागे क्लच आणि त्याहीमागे सरकत्या दंतचक्रांची गिअरपेटी अशी जी मांडणी रूढ केली, तीच पुढे कित्येक दशके मोटारींचा शिरस्ता ठरली. फिरती दंतचक्रे एकमेकांत सरकवावयाची, आणि दोहोंच्या गतींत अंतर राहिले तर दात दातांवर आपटून झिजायचे किंवा तुटायचे, असा हा मामला होता. अशाच गाडीने लेव्हासॉर 1895 साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन जवळजवळ एकट्याने, अठ्ठेचाळीस तास अठ्ठेचाळीस मिनिटांत परतला. त्या प्रवासात त्याच्या हातांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे 24 डिसेंबर 1898 च्या रात्री लुई रेनो याने पॅरिसमधील मोंमार्त्रचा खडा चढ आपल्या चिमुकल्या गाडीने चढून दाखविला व टॉप गिअरमध्ये इंजिनाची शक्ती थेट मागे पोहोचविण्याची आपली युक्ती प्रस्थापित केली. गिअर बदलण्याचे संकट मात्र जसेच्या तसे राहिले.

त्या संकटावर चालकांनी जी तजवीज शोधली ती डबल क्लच. खालचा गिअर टाकावयाचा तर क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणावयाचा, क्लच सोडावयाचा, अ‍ॅक्सिलरेटरला नेमकी रेस द्यावयाची, आणि इंजिनाचा स्वर हवा तितका चढला असे कानाला वाटताच पुन्हा क्लच दाबून दांडा लोटावयाचा. वरच्या गिअरला रेस नको, पण क्षणभर थांबून स्वर उतरू देण्याचा धीर हवा. मुरलेला चालक हे सारे डोळ्यांनी नव्हे, कानांनी करी, आणि माझ्या मते वाहनविद्येत याहून सूक्ष्म कसब दुसरे नाही.

त्या कसबाची निकड अर्ल थॉम्प्सन या अमेरिकनाने संपविली. दात गुंतण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग परस्परांवर घासून गती आपोआप समान व्हाव्यात, ही त्याची सिंक्रोमेशची रचना 1928 साली कॅडिलॅक गाड्यांत आली. गंमत अशी की क्लचचे पायटेच काढून टाकणारी हायड्रा-मॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटीदेखील पुढे त्याच गृहस्थाच्या देखरेखीखाली सिद्ध झाली.

आपल्याकडे जुन्या विद्येचा अंमल बराच लांबला. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी निघाली; आरंभीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हरोले, लेलँड, अल्बिअन अशा नाना परदेशी बनावटीच्या गाड्या होत्या, आणि त्या हाकणाऱ्याला डबल क्लचचे कसब लागे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची लाडकी फियाट घ्या : स्टिअरिंगखालच्या तिच्या दांड्याचे वरचे तीन गिअर सिंक्रोमेशचे, पहिला मात्र तसा नव्हे, त्यामुळे रांगत्या गाडीला पहिला गिअर घालणाऱ्या नवख्याची फजिती अटळ. 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या वंशातील पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या हद्दपार झाल्या.

ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने तो उतरावा, हा दंडकही डबल क्लचच्याच काळात पक्का झाला. कारण उतारावर खालचा गिअर टाकताना तो एकदा चुकला की गाडी न्यूट्रलमध्येच वेग घेई आणि मग तो पडण्याची आशा उरत नसे. सिंक्रोमेशने गिअर पडणे सोपे केले, उतार सोपा केला नाही. तरीही डिझेल वाचविण्याच्या लोभाने बोरघाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या मालमोटारींना महामार्ग पोलिसांना आजही अडवून समज द्यावी लागते.