माझं नाव का नाही?

लालबागच्या एका चाळीत निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत संपली. संमतीचा कागद मी त्यांना वाचून दाखवला : प्रबंधात तुमचं नाव येणार नाही, गुप्त ठेवलं जाईल. आजोबा म्हणाले, "का? मी काय चोरी केलीय? गिरणीत नंबर होतो, तुझ्या पुस्तकातपण नंबरच?"

मला उत्तर देता आलं नाही. 'ज्ञानाचं निर्वसाहतीकरण' हा शब्द आमच्या चर्चासत्रांत सारखा ऐकू येतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी थोडा कळला.

मुंबई सरकारनं 1921 मध्ये लेबर ऑफिस काढलं आणि 1923 मध्ये कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल छापला. भाडं किती, कर्ज किती, खाणं किती, सगळं मोजलं. त्यात एक तुलना आहे : कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी संहितेतल्या कमाल शिध्याएवढं, पण तुरुंगाच्या नियमावलीतल्या शिध्याहून कमी. माहिती मोलाची आहे, मीही ती वापरते. पण मोजपट्टी बघा : दुष्काळ आणि तुरुंग. ती कामगारांनी निवडलेली नव्हती.

याच्या उलट, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 मध्ये गिरणगावचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात शंभरेक माणसं आपापल्या नावानं बोलतात. दोघी चळवळीतल्या. गिरण्यांच्या जमिनींचं काय होणार, हा वाद पेटलेला असताना त्या ऐकायला बसल्या होत्या.

पण आपण कामगारांच्या बाजूचे आहोत, एवढ्यानं भागतं का? गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथं दलितांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्यामुळे सवर्ण कामगार विटाळ मानत. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला. 'कामगार' म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवलं, की हा भेद दिसेनासा होतो.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, भेटून त्यांनी त्यांची नावं इतिहासात आणली. पुस्तक आधी मराठीत आलं, इंग्रजीत 2008 साली. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्या भाषेत आधी.

मग मी काय बदललं? नाव द्यायचं की नाही, हे आता सांगणारा ठरवतो. काहींना नको असतं, तेही बरोबरच. आणि लिहिलेलं मराठीत करून चाळीत परत वाचून दाखवते.

आजोबांपुढे माझं प्रकरण वाचत होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. मी लिहिलं होतं, 'संप मागे घेतल्यानंतर...'

त्यांनी हात वर केला. "खोड ते. गिरण्या बंद पडल्या. संप कुणी मागं घेतलाच नाही."

खरंच आहे. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. मी वाक्य खोडलं. खाली तळटीप लिहिली : दुरुस्ती कुणी केली, ते त्यांच्या पूर्ण नावानिशी.