नॉर्दम्प्टनचे मतदार आणि देव न मानणारा उमेदवार



निवडणुका जवळ आल्या की वस्तीत एक कुजबुज हमखास कानावर येते. "माणूस कामाचा आहे हो, पण देवाधर्माचं काही मानत नाही म्हणे!" असे बोलणारे बहुधा बाहेरचे असतात, पण कधी कधी, सांगायला संकोच वाटतो, आपल्यातलेही असतात. ज्यांच्या घरातून १९५६ नंतर देव्हारे उठले त्यांनीच हे विचारावे, याचे नवल वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विलायतेतली एक जुनी हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंग्लंडात नॉर्दम्प्टन नावाचे गाव आहे. बूट-जोडे बनवणाऱ्या कामगारांचे गाव. चामडे कापावे, शिवावे आणि पोट भरावे, अशी तिथल्या हजारो घरांची रीत. या गावाने एप्रिल १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांना पार्लमेंटवर निवडून दिले. ब्रॅडलॉ यांचा जन्म १८३३ सालचा, लंडनच्या गरीब घरातला. बाप वकिलाकडे कारकून. उघड निरीश्वरवादी म्हणून ते देशभर गाजलेले होते. त्यांना मते देणारे सगळे काही नास्तिक नव्हते बरं का. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, जाणारी माणसेच त्यात पुष्कळ होती. पण मजुराची बाजू घेऊन कोण बोलतो, राजघराण्यावरच्या खर्चाचा जाब कोण विचारतो, हे त्यांनी पाहिले होते.

निवडून आले, पण बसायला जागा कुठे होती? सभासदाला देवाच्या नावाने शपथ घ्यावी लागे. ३ मे १८८० रोजी ब्रॅडलॉ यांनी विनंती केली की, मला शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या. क्वेकर पंथाच्या लोकांना ती सवलत होती. यांना नाकारली गेली. मग ते म्हणाले, ठीक आहे, नियमच आहे तर शपथ घेतो. इथे मात्र विरोधकांना आयते कोलीत मिळाले. "जो देवच मानत नाही त्याच्या शपथेला अर्थ काय?" म्हणजे प्रतिज्ञा करू द्यायची नाही आणि शपथही घेऊ द्यायची नाही! आमच्या मते ब्रॅडलॉ यांनी प्रतिज्ञेचाच हट्ट शेवटपर्यंत धरायला हवा होता. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. पहिल्याच दिवशी मनात हसून ते चार शब्द पुटपुटले असते, तर त्यांना कोणी अडवले नसते. आपण काय मानतो ते त्यांनी आधी उघड सांगितले, म्हणूनच पुढचे सगळे वाट्याला आले.

जूनमध्ये सभागृह सोडण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कैदेत ठेवले. जुलैत स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा करून बसण्याची मुभा मिळाली, पण कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर प्रत्येक मतामागे ५०० पौंड दंड! निकाल १८८१ मध्ये विरुद्धच गेला आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत नॉर्दम्प्टनने पुन्हा त्यांनाच निवडले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी ते सभागृहात जाऊ लागले तेव्हा पोलिसांनी आणि शिपायांनी धक्के मारीत, कोट फाटेपर्यंत ओढून त्यांना बाहेर काढले. १८८२ मध्ये हकालपट्टी. पुन्हा निवडणूक, पुन्हा विजय. १८८४ मध्येही तेच. फरक दरवेळी थोड्याच मतांचा असे. निम्मे गाव विरोधात होते, हेही खरे. पण उरलेले निम्मे हलले नाही.

पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः पक्के धार्मिक ख्रिस्ती. त्यांनी १८८३ मध्ये प्रतिज्ञेचा पर्याय देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने भाषण केले. विधेयक तीन मतांनी पडले. तीन! अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभागृहाच्या अध्यक्षांनी कोणालाही आडवे येऊ दिले नाही आणि ब्रॅडलॉ शपथ घेऊन बसले. दोनच वर्षांत, १८८८ साली, त्यांच्याच प्रयत्नाने शपथेचा कायदा झाला आणि ईश्वर न मानणाऱ्यालाही प्रतिज्ञेचा हक्क मिळाला.

या माणसाचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू ते इतक्या वेळा मांडत की त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये, मोठ्या दुखण्यातून उठून, ते मुंबईच्या राष्ट्रसभेला आले. प्रतिनिधी जमले १,८८९. साल आणि संख्या एकच! अर्थात त्या मांडवात आमचे प्रश्न कोणाच्या खिजगणतीत होते? अस्पृश्यांवरचे निर्बंध दूर करा, असा ठराव राष्ट्रसभेने केला तो १९१७ साली. असो.

३० जानेवारी १८९१ रोजी ब्रॅडलॉ वारले. त्याच्या तीनच दिवस आधी, त्यांना अडवणारा १८८० चा ठराव पार्लमेंटने आपल्या दप्तरातून काढून टाकला. अंथरुणाला खिळलेल्या ब्रॅडलॉ यांना ते कळलेही नाही. त्यांच्या अंत्यविधीला लंडनमधले हिंदी लोक गेले होते. त्यात मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थीही होता.

आता आपल्या घटनेकडे बघा. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी सुचवले की, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. उद्देशिका 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनीच सुरू राहिली. आणि बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत निवडून आलेल्या सभासदासाठी दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी छापली आहेत: ईश्वरसाक्ष शपथ, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. ज्याला जे पटेल ते त्याने म्हणावे. टीव्हीवर शपथविधी लागला की घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि कोण कोणते वाक्य म्हणतो, ते कान देऊन ऐकायला सांगा.